जप्तीतला पूल

लातूरच्या क्लासवाल्या भागात ते होस्टेल शिवकांता मावशीचं म्हणूनच ओळखलं जायचं. खरं तर ते तिचं नव्हतंच. मालक सिद्रामप्पा. पण ते महिन्यातून एकदा येणार, टाकीत डोकावणार आन जाणार. बाकी सगळा कारभार मावशीचा. चाळीस पोरींचा स्वैपाक, चाळीस पोरींची दुखणी आन चाळीस पोरींचे मोबाईल.

नियमच तसा होता. पोरगी दारातून आत आली की मोबाईल मावशीच्या लोखंडी कपाटात. वर चिकटपट्टीनं नाव डकवायचं. रविवारी जेवणानंतर तासभर बाहेर, घरच्यांशी बोलून झालं की पुन्हा आत. नव्या पोरीची बॅग मावशी आईबापांच्या देखत उपसायची. शेंगाच्या चटणीचा डबासुद्धा उघडून बघायची. भीड तिला माहीतच नव्हती.

तरी देगलूरच्या तनुजानं तिला चकवलंच. दिवाळीनंतर गाद्या उन्हात टाकताना तनुजाच्या गादीखाली एक चपटं यंत्र निघालं. मधे काच, दोन्हीकडं बटनं.

"हे काय ग?"

"गेम हाय मावशी. फोन न्हाई. ह्याच्यावरून कुणाशी बोलता येत न्हाई."

"बोलता येत न्हाई तर गादीखाली कामून ठिवलीस?"

यंत्र कपाटात गेलं, चार्जरसकट. "नीटची परीक्षा झाली की घेऊन जा," मावशी म्हणाली आन किल्ली कमरेला खोवली.

पोरी दुपारी क्लासला गेल्या की होस्टेल कसं सामसूम व्हायचं. भांडी झालेली, रातच्या पोळ्यांना अजून अवकाश. अशाच एका दुपारी कपाट पुसताना मावशीच्या हाताखाली यंत्राचं बटन दबलं आन काच उजळली. पोरी कशापायी एवढ्या येड्या होतात ते बघावं तरी, म्हणून ती धान्याच्या कोठीला टेकून बसली.

आत एक डोंगर होता. पायथ्याला लाल ओढणीची, पाठीवर गठुडं घेतलेली बोटाएवढी पोरगी. मावशीनं तिचं नाव ठेवलं ठकी. एका बटनानं ठकी चालायची, एकानं उडी मारायची. पहिल्या दिवशी ठकी नुसती काट्यात पडत राहिली. दुसऱ्या दिवशी काटे ओलांडले. आठ दिवसांत मावशीची बोटं अशी चालायला लागली, जशी काही शेवया वळायला बसलीत.

मग आला पूल. दरीवर टांगलेला, फळ्या फळ्यांचा. ठकीनं पाय ठेवला की फळी थरथरायची आन मग खाली जायची. फळी हालली की मावशीचा अंगठा जागच्या जागी थिजायचा. ठकी उभीच राहायची, फळीसंगट खाली जायची. पुन्हा पहिल्यापासून. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, पूल काही होईना. कुणी बघत नव्हतं, कुणी मार्क देणार नव्हतं, तरी परीक्षेच्या आत, यंत्र परत करायच्या आत हा पूल आपल्या हातानं ओलांडायचा, हे तिनं मनाशी पक्कं करून टाकलं होतं. दुपार कधी होते याची ती वाट बघायची. त्या नादात एकदा तुरीचं वरण बुडाला लागलं. पोरींनी विचारलं तर म्हणाली, "डाळच तसली आली."

एप्रिलात तनुजाला ताप आला आन ती क्लासला गेली नाही. दुपारी पाणी प्यायला खाली आली तर स्वैपाकघरातून आवाज, "मर मेले! पुन्हा थांबलीस? मर!"

मावशीनं यंत्र पदराखाली लपवलं, पण त्यातून वाजतच होतं.

"मावशी! जप्त केल्याली चीज वापरायची असती व्हय?"

"पडून पडून खराब झाली असती. अधूनमधून चालवावी लागती."

तनुजानं यंत्र हातात घेतलं. कोपऱ्यात ठकी किती वेळा पडली त्याचा आकडा होता. "अकराशे चौसष्ट! अधूनमधून?"

मावशी पहिल्यांदा चाळीस पोरींतल्या एकीसमोर लाजली. तनुजा हसून हसून खोकायला लागली, तेव्हा मावशीनंच तिच्या पाठीवर हात फिरवला.

"थांबा, सोपं करून देते," म्हणत पोरीनं दोनचार बटनं दाबली.

दुसऱ्या दिवशी मावशी बसली आन बघते तर फळ्या हालेनात. ठकी बाजाराला निघाल्यागत पूल ओलांडून गेली. पलीकडं ऊन पडलं, झेंडा लागला, बाजा वाजला. मावशीनं जरा वेळ बघितलं, यंत्र बंद केलं आन डाळ निवडायला घेतली. डाळीत खडे निघत होते तेवढाच काय तो जीवाला चाळा.

संध्याकाळी तिनं तनुजाला गाठलं. "फळ्या हालायच्या बंद कामून झाल्या?"

"सोपं केलं की."

"जसं होतं तसं कर."

"आवं, पार तर झालाव न्हवं?"

"मी कुठं झाले? ती आपली चालत गेली. तुला तुझा पेपर कुणी असा सोपा काढून दिला तर चालंल का?"

"पळत चालंल मावशी!"

मावशीनं यंत्र तिच्या हातात कोंबलं. पोरीनं ते होतं तसं करून दिलं आन मागं उभी राहून मावशीचा खेळ बघितला. तीनदा ठकी पडली.

"हाललं की थांबताव कामून? हाललं की पळायचं, तवर फळी टिकती."

"पळाले ते मेले, पोरी."

"कोण?"

"आमच्या गावातले. भूकंपात."

पंचवीस वर्षं होऊन गेली होती. निलंग्याच्या अंगाला गाव, माळवदाचं घर, पहाटेची वेळ. सगळे बोळात पळाले आन दोन्हीकडच्या भिंती बोळात आल्या. शिवकांता दाराची चौकट धरून उभी राहिली. भ्यायली होती म्हणून पाय उचलला नाही, शहाणपणा काही नव्हता. चौकट राहिली आन तीही राहिली. पुढं पत्र्याच्या शेडातले दिवस, मग लातुरातल्या मेसमधल्या पोळ्या, मग हे होस्टेल. एवढं तिनं सांगितलं, भाकरी कशी थापायची ते सांगावं तसं. तनुजा तिच्या शेजारी टेकली. जाताना म्हणाली, "पण मावशी, ही ठकी हाय. हिला चौकट न्हाई."

मावशी त्यावर चार दिवस चिडून होती. मग अंगठ्याला वळण लावायला बसली. हाललं की पळ. डोक्याला कळायचं, अंगठ्याला कळायचं नाही. पाच फळ्या, सात फळ्या, एकदा नऊ. पूल बारा फळ्यांचा होता.

परीक्षा रविवारी झाली. "कसा गेला?" विचारलं तर तनुजा म्हणाली, "फिजिक्सनं खाल्लं." सोमवारी सकाळी तिचे वडील, गुरुपादप्पा मास्तर, रिक्षा घेऊन दारात हजर. उदगीरवरून जाणारी देगलूरची गाडी दहाची होती. मावशीनं कपाट उघडलं, मोबाईल दिला, यंत्र दिलं.

तनुजानं यंत्र परत तिच्या हातात ठेवलं. "एकदा खेळा. बापू चहा घेतेत तवर."

"गाडी जाईल ग," मास्तर म्हणाले.

"दुसरी हाय, बारा वाजता."

मावशी पायरीवर बसली. पहिल्यांदा ठकी तीन फळ्या गेली आन पडली. दुसऱ्यांदा आठ. तोवर बॅगा बांधायच्या सोडून दहापंधरा पोरी भवती जमल्या. "पळा मावशी!" "थांबू नका!" "आवं, उडी!" मास्तर बशी हातात धरून उभे, कुणाचं काय चाललंय त्यांना कळेना. पोरींच्या कालव्यात दहावी फळी थरथरली. मावशीचा अंगठा थिजला नाही. अकरावी. बारावी. ठकी पलीकडच्या दगडावर धाडकन पडली आन उठून उभी राहिली.

तेच ऊन, तोच झेंडा. मावशीच्या तोंडून मात्र शेताच्या बांधावरून द्यावी तशी आरोळी निघाली. समोरचा मेडिकलवाला बाहेर येऊन बघायला लागला.

"काय झालं, बाई?" मास्तरांनी विचारलं.

"काई न्हाई मास्तर. पूल ओलांडला."

तेवढ्यात काचेवर दुसरा डोंगर उभा राहिला, पहिल्याहून उंच. मावशीनं तो डोळे भरून बघितला, यंत्र बंद करून तनुजाच्या बॅगेत घातलं आन चेन ओढली. "जा आता. बाराची तरी गाठा."

जूनमध्ये नव्या पोरींच्या बॅगा उपसून मावशीची कंबर धरली होती. शेवटची बॅग पुढं आली. मागं मास्तर उभे, पुढं तनुजा.

"आलीस व्हय पुन्हा?"

"फिजिक्स राहिलंय."

मावशीनं चेन ओढली. यंत्र कपड्यांच्या वरच ठेवलेलं होतं, चार्जर गुंडाळून.

"जप्त करा," तनुजा म्हणाली. "दुसऱ्या डोंगरावर काय हाय सांगू?"

"गप बस," मावशी म्हणाली आन चिकटपट्टीचा तुकडा दातानं तोडला. "सांगू नको."