चार वाजायच्या आत

मंडळी, घाईघाईत लिहितेय, तेव्हा चुका पोटात घाला.

आजेसासऱ्यांनी बांधलेल्या आमच्या दगडी बंगल्याची वरची खोली आम्ही पाहुण्यांना देतो, हे तुम्हाला माहीत आहेच. खाली आम्ही राहतो. आमच्या दारावर आजेसासऱ्यांचीच पितळी पाटी आहे: ‘दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. आग लागली असल्यास हरकत नाही.’ पाहुणे हसतात, फोटो काढतात. मलाही तिचा भारी अभिमान.

आज साडेतीनला तहान लागली म्हणून उठले, तर बाहेर कुणाची तरी चाहूल. दार उघडलं. कालच आलेल्या अमरावतीच्या काकू पायरीवर बसलेल्या, हातात रिकामी वाटी.

“थोडी साखर पाहिजे होती. ह्यांची शुगर उतरली वाटते. चार वाजायची वाट पाहून राहिली होती.”

“अहो काकू, बेल का नाही वाजवलीत?”

त्यांनी पाटीकडे पाहिलं. “आग नव्हती ना लागली.”

टोमणा नव्हता हो तो. खरंच तसं वाटलं त्यांना.

मी साखरेचा डबाच घेऊन वर धावले. काका घामाने चिंब, नजर भलतीकडेच. गिळता येत होतं, एवढंच नशीब. चमच्याचमच्याने साखरपाणी पाजलं. आता डॉक्टर तपासून गेलेत, काका बरे आहेत.

पण काकांनी भानावर येऊन बायकोला नावाने हाक मारली, तेवढ्यात माझ्या मोबाइलवर चारचा गजर वाजला. तेव्हा जी घाबरले, ती अजून घाबरलेलीच आहे.

पाटी उतरवली. तुमच्या दारावर काय लिहिलंय? एकदा बाहेर उभं राहून वाचाल?