विलायती की सरकारी

आमच्या बोरीच्या भागात परवान्याचं रिव्हॉल्व्हर बाळगणारे आम्ही दहा-बारा जण, आणि आमच्यात दोन पंथ. एक विलायतीवाल्यांचा, दुसरा सरकारी कारखान्याच्या मालावर जीव टाकणाऱ्यांचा. मी विलायतीवाला. माझं रिव्हॉल्व्हर वडिलांकडून आलेलं, निजामाच्या काळात घेतलेलं, मुठीवर परदेशी कंपनीचा शिक्का. त्या शिक्क्याच्या जिवावर मी वीस वर्षं लोकांना तुच्छ लेखलं. लग्नात पंगतीला बसताना सदरा जरा वर ओढून बसायचो, म्हणजे वाढणाऱ्याला दिसावं. खरं सांगायचं तर त्यातून मी एकदाही गोळी झाडलेली नव्हती.

निवडणूक लागली की सगळ्यांनी आपापली हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात. नागपंचमीला पोरी माहेरी जमतात तसे आम्ही त्या दिवशी ठाण्याच्या आवारात लिंबाखाली जमायचो आणि नंबर येईपर्यंत भांडायचो. सरकारीवाल्यांचा म्होरक्या एक खडीचा ठेकेदार होता. हातात चार अंगठ्या, आणि आवाज खडी फोडायच्या मशीनला दबणार नाही असा.

"मालक, तुमचं विलायती म्हंजे म्हातारी घोडी," तो म्हणायचा. "काडतूस तरी भेटतंय का त्याला कुठं?"

"म्हातारी असली तरी जातिवंत हाय," मी म्हणायचो. "तुमचं खेचर हाय, खेचर."

शिव्या देण्यापर्यंत मजल जायची. एका निवडणुकीत तर लोखंड कुणाचं चांगलं यावरून दोघा सख्ख्या साडूंनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या होत्या. हत्यार त्यांच्यापैकीही कुणी कधी उडवलेलं नव्हतं.

मागच्या निवडणुकीत आमच्यात एक मास्तर नवीन होता. शेजारच्या गावच्या बौद्धवाड्यातला, हायस्कुलात गणित शिकवायचा. त्याला परवाना मिळाला तो शौकासाठी नव्हे. त्याच्या गावच्या कोतवालानं नदीतून वाळू चोरून नेणारा ट्रॅक्टर अडवला, तेव्हा ट्रॅक्टरवाल्यानं तो सरळ त्याच्या अंगावर घातला. कोतवाल जागीच गेला. सकाळच्या शाळेला निघालेल्या मास्तरनं ते डोळ्यांनी पाहिलं, आणि दुसरा साक्षीदार नव्हता. कोर्टात उभं राहायच्या आत तुला संपवतो, असे निरोप त्याला येऊ लागले. म्हणून त्यानं अर्ज केला, कुणाचं तरी जुनं सरकारी रिव्हॉल्व्हर विकत घेतलं आणि पोलिसांच्या मैदानावर जाऊन रीतसर नेम धरायला शिकला. आम्हा सगळ्यांत गोळी झाडता येणारा तेवढा एकच.

तो आला की 'जय भीम' म्हणायचा, आम्ही 'रामराम' म्हणायचो. मला सगळा भाग मालक म्हणतो, हा काका म्हणायचा. आमच्या कमरेला हत्यार असलं की तो रुबाब, त्याच्या कमरेला असलं की तो माज, असा आमचा हिशेब होता. सरकारीवालेसुद्धा त्याला आपल्यात धरत नसत. त्याचं सेकंडहँड हाय, म्हणायचे.

त्या दिवशी माझा नंबर आला. हत्यार रिकामं आहे का ते बघायला हवालदार गोळ्या भरायचं चाक उघडून बघतो. माझं चाक उघडेना. त्यानं जोर लावला, दुसऱ्या शिपायानं लावला, मी लावला. जरा वेळापूर्वीच मी विलायती लोखंडाचे पोवाडे गाऊन आलो होतो, त्यामुळे सगळे लिंबाखालून उठून टेबलाभोवती गोळा झाले.

गोष्ट साधी होती. दर दसऱ्याला मी त्याची पूजा करायचो. हळद, कुंकू, अक्षता, वरून तुपाचं बोट. इतक्या वर्षांचं ते सगळं आत जाऊन घट्ट बसलं होतं.

मास्तरनं हवालदाराची परवानगी घेतली, पिशवीतून जुना टूथब्रश आणि तेलाची बाटली काढली आणि खाली मान घालून कामाला लागला. पाच-सात मिनिटांत चाक उघडलं. आतून लाल गाळ निघाला, त्यात तांदळाचे दाणे.

"काका, ह्याला पुजू नका, पुसत जावा," तो म्हणाला. आवाजात कुचेष्टा नव्हती. वर्गात पोराला सांगावं तसं सांगितलं त्यानं.

"मालक, सत्यनारायण बी घालता का त्याला?" ठेकेदार ओरडला, आणि ठाण्याचं आवार हसून हसून पडलं. हवालदारही हसला. मी पण हसलो. हसता हसताच ठरवलं की मास्तरची जिरवायची. ठेकेदाराची नाही, मास्तरची. ठेकेदाराची जिरवायला हिंमत लागली असती.

पुढं चार-पाच महिन्यांनी मास्तरच्या परवान्याचं नूतनीकरण निघालं. अशा वेळी पोलीस भागातल्या प्रतिष्ठितांचे जबाब घेतात. प्रतिष्ठित म्हणजे मी. तोच हवालदार माझ्या ओसरीवर येऊन बसला. मी सांगितलं, "लिव्हा. परिसरात शांतता हाय. कुणाच्या जिवाला कसलीच भीती न्हाई. सदर इसम दुसऱ्याचं हत्यार हाताळतो, हे मी सोता ठाण्यात पाह्यलंय."

हवालदारानं पेन थांबवलं. "मालक, त्यानं तुमचंच साफ करून देल्लं की."

"मग? हाताळलं का न्हाई? लिव्हा."

त्यानं लिहिलं. मी सही केली, लफ्फेदार. त्या रात्री मला छान झोप लागली, हे लपवण्यात अर्थ नाही.

मास्तरचा परवाना गेला, रिव्हॉल्व्हर ठाण्याच्या कपाटात गेलं. ठेकेदाराला हे कळलं तेव्हा तो हळहळला. "सरकारीवाला एक माणूस कमी झाला की हो आमचा," म्हणाला. मेल्यावर माणूस आपलासा करायची ही आपली जुनीच खोड, आणि इथं तर अजून कुणी मेलंही नव्हतं.

महिना-दीड महिना गेला असेल. शाळा सुटून येताना, जिंतूरच्या रस्त्यावर, भर दुपारी चौघांनी मास्तरची मोटारसायकल आडवी पाडली आणि लोखंडी गजानं त्याचे दोन्ही गुडघे आणि उजवा हात फोडला. जीव तेवढा ठेवला. त्यांना मुडदा नको होता, गप्प बसलेला साक्षीदार हवा होता.

मी आणि ठेकेदार त्याला बघायला परभणीला दवाखान्यात गेलो, डझनभर केळी घेऊन. न जाणं बरं दिसलं नसतं. मास्तर डोळे मिटून पडला होता, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. आम्ही खाटेच्या दोन बाजूंना उभे राहिलो.

"हातात सरकारी असतं तर दोघं तरी आडवे झाले असते," ठेकेदार म्हणाला.

"चौघं व्हते ते. तुमचं खेचर दुसऱ्या गोळीलाच अडकलं असतं. तिथं विलायतीच पायजे."

झालं. मास्तरच्या अंगावरून आमचं सुरू झालं. शेजारच्या खाटेवरचा पेशंट कूस बदलून ऐकत होता. नर्स येऊन ओरडली तेव्हा आम्ही थांबलो.

मास्तरची बायको अंगणवाडीत कामाला. ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. नर्स गेल्यावर माझ्या जवळ आली.

"काका, पुढच्या महिन्यात तारीख हाय साक्षीची. ह्यांला उचलून न्यावं लागतंय. गाडी मी करते, पैसे मी देते. तुमी नुसतं पुढं बसा. तुमच्याकडं हाय, तुमाला समदे भितेत. तुमी सोबत असलाव तर कोण हात लावंल?"

ठेकेदारानं खिशातून मोबाईल काढला आणि खिडकीकडं गेला.

"आलो असतो गं बाई," मी म्हणालो, "पर माझा गुडघा लय दुखायलाय."

दोन्ही गुडघे फुटलेल्या माणसाच्या उशाशी उभा राहून मी हे म्हणालो. माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. दुसरं एखादं दुखणं का सुचलं नाही, हे मला आजही कळत नाही, आणि आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मास्तरनं डोळे उघडले. बायकोला म्हणाला, "काकांला नको तरास देऊ. त्यांनी लिहून देलंय ठाण्यात. हितं कुणाच्या जिवाला भीती न्हाई म्हणून."

परवाना नाकारल्याच्या आदेशासोबत जबाबाची नक्कल त्याला मिळाली होती. त्यानं ती वाचलेली होती. बायकोनं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. टेबलावरची केळी उचलून तिनं माझ्या हातात दिली. मी ती घेऊन जिना उतरलो.

तारखेला ती एकटीच त्याला रिक्षात घालून कोर्टात घेऊन गेली. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्याला खुर्ची दिली म्हणतात. त्यानं सांगितलं, धुकं होतं, ट्रॅक्टर कोण चालवत होता ते दिसलं नाही. कोतवालाची म्हातारी आई मागच्या बाकावर बसली होती. तिला ऐकू कमी येतं, म्हणून शेजारच्या बाईला तिला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं.

ट्रॅक्टरवाला सुटला. मध्ये काही महिने गेले आणि एका सकाळी तो पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या ओसरीवर आला. वजन वापरून त्यानं परवान्याचा अर्ज पुढं सरकवला होता आणि जबाब माझाच लागणार होता. माझ्या पाया पडला, खाली सतरंजीवर बसला.

"मालक, ह्या भागात हत्यारातलं कळणारा माणूस तुमीच. विलायती घ्यावं का सरकारी?"

उठ म्हणायला पाहिजे होतं. पुडा तोंडावर फेकायला पाहिजे होता. पण इतक्या अदबीनं मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी आत चहा सांगितला आणि त्याला तासभर समजावून सांगत बसलो.