तळहातावरचा पेढा

आमच्या साताऱ्यात पेढा विकत घेण्याआधी तो तळहातावर मिळतो. दुकानदार उलथन्याच्या टोकावर भाजलेला गरम खवा घेतो आणि "बघा चव" म्हणत हातावर ठेवतो. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं संध्याकाळी असंच फिरत आलो. एका दुकानात पेढ्याची चव, पुढच्यात जिलबीचा तुकडा, मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात एक मिसळ दोघांत. यांना शुगर निघाली आणि ते फिरणं थांबलं. म्हणजे यांचं थांबलं. मी भाजीची पिशवी घेऊन निघते, आणि मंडईच्या आधी दुकानं लागतात.

काल दुकानदाराने विचारलं, "साहेब दिसत नाहीत हल्ली?" माझ्या तोंडात पेढा होता. मी नुसती मान हलवली.

दोघांनी मिळून लावून घेतलेली आवड एकटीने चालू ठेवायची, याला काय म्हणायचं? चव पूर्वीसारखीच लागते. जरा तरी कमी लागायला हवी होती, असं वाटून मलाच माझी लाज वाटते.

अंगणातल्या नळावर मी साबणाने हात धुतले, बडीशेप चावली आणि घरात गेले. पाण्याचं भांडं पुढे केलं, तर यांनी भांडं सोडून माझा हात धरला आणि तळहात नाकाशी नेला. मी आपली मेथी किती कोवळी मिळाली ते सांगत राहिले.

"अगं," हे हळूच म्हणाले, "उद्या हात न धुता ये."