रुद्रप्पांनी वायर कापली

रुद्रप्पा शेटे चिडले की मान द्यायला लागतात. एरवी मी त्यांना ‘अंगद्या’ असतो. जरा बिनसलं की ‘अंगद’. चांगलंच बिनसलं की ‘अंगदराव, तुमी’. आणि ‘साहेब’ म्हणाले की समोरच्यानं आपल्या चपला शोधाव्यात. यंदाच्या मे महिन्यात मी नऊ दिवस साहेब होतो.

युसूफ वडगावच्या बाजारपट्टीत अप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्याला खेटून माझं, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं. बोअरची मोटार जळली की अप्पा आतली काळी तार उपसून काढतात आणि नवी तांब्याची तार हातानं भरतात. दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी आहे : ‘मोटार घेण्याआधी वायरी मोजाव्यात. नंतर येथे येऊन रडू नये.’ कारण काही मोटारींतून तीन वायरी बाहेर येतात, काहींतून सहा. सहावाली आधी सावकाश, मग जोरात, अशी दोन तऱ्हांनी चालवता येते. तीनवाली एकाच तऱ्हेनं. दिसायला दोन्ही सारख्या. लोक मोटारीचा रंग बघून घेतात आणि अप्पांची बोलणी खातात. ती बोलणी मी भिंतीपलीकडून रोज फुकट ऐकत आलोय, त्यामुळे पुढं जे झालं त्यात मला जरा जास्तच मजा आली, हे कबूल करतो.

अप्पांचा दुसरा धंदा गिटार. धंदा म्हणायला त्यातून काही सुटत नाही, पण मोटारवाला म्हटलेलं त्यांना चालतं, गिटारवाला म्हटलं तर ते ताठ होऊन बसतात. अजिनाथच्या ऑर्केस्ट्रात ते चौदा वर्षं वाजवतात; मी हौसेनं सोबत जातो. साखरपुडे, हळदी, वाढदिवस. चौदा वर्षांत एक कार्यक्रम चुकवला, तोही स्वतःच्या मुलीच्या लग्नाचा दिवस होता म्हणून. आणि त्या दिवशीही अजिनाथ त्यांना विचारायला गेलता.

यंदा अजिनाथनं नवा कीबोर्ड घेतला. शिरूर कासारचा कार्यक्रम संपल्यावर सामान गाडीत भरताना तो म्हणाला, “अप्पा, तुमची गिटार सगळ्या गाण्यात एकच बोलती. जाड. नाचायला ठीक हाय, पर हळू गाण्याला बारीक, टणटणीत आवाज पायजे. कीबोर्डात दोन्ही हायती.”

“मग?”

“मग काय न्हाई. पालीच्या साखरपुड्यापतुर बघा जमतंय का. न्हाईतर गाडीत तसंबी जागा कमीच पडती.”

चौदा वर्षं ज्या माणसानं जनरेटर दुरुस्त केला, साउंडची वायर जोडली, घाटात बंद पडलेली गाडी चालू केली, त्याला हा गाडीतल्या जागेचं सांगतो. माझं डोकं फिरलं. अप्पा मात्र शांत होते. “बरं हाय, अजिनाथराव,” एवढंच म्हणाले. राव लागलं म्हणजे किती लागलं, ते मला कळलं. अजिनाथला नाही कळलं.

तर गिटारच्या तारांखाली एक डबी असते, तिला पिकअप म्हणतात. आत चुंबक आणि तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या. दोन्ही चालू असल्या की आवाज जाड, भरदार. एक बंद केली की बारीक. ते बंद करायला गिटारवर ओढायचा खटका बसवतात आणि त्याला कॉइल स्प्लिट म्हणतात. अट एकच. दोन गुंडाळ्या जिथं एकमेकींना जोडल्यात तो सांधा डबीच्या बाहेर यायला पाहिजे. म्हणजे चार वायरींचा पिकअप पाहिजे. दोन वायरींच्या पिकअपमध्ये तो सांधा आतच पुरलेला असतो.

हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं आणि ऑर्डर माझ्या मोबाइलवरून झाली. अप्पा शेजारी उभे राहून चकचकीत फोटो बघत होते.

“हे काय लिवलंय?”

“व्हिंटेज वायरिंग.”

“म्हंजे?”

“म्हणजे जुन्या जमान्यातलं. भारी असतंय.”

“दोन गुंडाळ्याच हायत ना?”

“दोनच.”

“टाक मग.”

वायरी किती, हे त्यांनी विचारलं नाही. मीही वाचलं नाही. पाटी आमच्या दोघांच्या डोक्यावर लटकत होती.

पार्सल आलं त्या दिवशी अप्पांच्या टेबलावर एक उघडी मोटार होती. त्यांनी ती सरकवली, डबी काढली, हातावर तोलली, चुंबकाला पाना चिकटवून पाहिला. खूश झाले. आणि मग डाव्या हातात डबी धरून उजव्या हातातल्या कटरनं तिची वायर मुळापासून दोन बोटांवर कापली. कट्.

इथं त्यांचा दोष नाही, असं मी म्हटलं असतं तर जिवंत राहिलो नसतो. पण खरंच नव्हता. टेबलावर मोटार आली की पहिल्यांदा वायरी कापायच्या, हे ते पंचवीस वर्षं करतात. जुन्या वायरी ठेवायच्याच नसतात, शेवटी नव्या लागतात. गुंडाळीवाली वस्तू समोर आली आणि हात चालला.

कापल्यावर त्यांनी टोकाकडे पाहिलं. वर जाळीचं वेष्टण आणि आत एक वायर. त्यांनी ती फिरवून पाहिली, जणू मागून आणखी निघतील.

“एक आन् जाळीची एक,” ते म्हणाले. “दोन.” मग स्वतःच्या हातातल्या कटरकडे बघून म्हणाले, “झालं का समाधान, साहेब?”

मी पाटीकडे बघितलं. बघायला नको होतं.

“हसा, साहेब. तुमी हसा. व्हिंटेज म्हनत होता तुमी.”

कंपनीला फोन मी लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडे एक अतिशय गोड आवाजाची बाई होती. वस्तूत बिघाड आहे का, म्हणाली.

“बिघाड न्हाई,” अप्पा म्हणाले. “वायरीच कमी हायत.”

“सर, वर्णनात व्हिंटेज वायरिंग असं स्पष्ट लिहिलेलं आहे.”

“आवो मॅडम, वायरी किती ते लिवायला काय झालं व्हतं? दोनचा आकडा लिवायला जागा पुरली न्हाई का? जुना जमाना कशाला सांगता मला?”

“सर, परत करू शकता. वस्तू मूळ स्थितीत आहे ना? वायर कापलेली, सोल्डर केलेली चालत नाही.”

अप्पांनी कापलेला तुकडा उचलला, बघितला, खिशात टाकला.

“ठेवा फोन, साहेब,” ते म्हणाले. बाईला की मला, कळलं नाही. मी ठेवला.

नवा मागवला तरी आठ दिवस. पाली चार दिवसांवर. संध्याकाळी अप्पांच्या बायकोनं, महादेवी काकूंनी, चहा आणून ठेवला आणि टेबलाकडे बघून विचारलं, “काय जळलंय?”

“काय न्हाई.”

“मग तोंड कावून जळल्यावानी?”

मी सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. “एवढीशी डबी,” त्या म्हणाल्या. “हत्तीएवढ्या मोटारी उघडताव. ही उघडायला काय मुहूर्त पायजे?”

“तार केसावानी असती त्यातली. तुटली की खेळ संपला.”

“आता काय चालू हाय का खेळ?”

अप्पांनी बायकोलाही ‘बरं बाईसाहेब’ म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डबी उघडायला घेतली.

बाहेर त्रेचाळीस अंश. पंखा बंद, कारण वाऱ्यानं तार हलते. शटर अर्धं खाली. मी मोबाइलची बॅटरी धरून उभा, काकूंनी अप्पांच्या कपाळाचा घाम पदरानं टिपायचा, घाम डबीत पडायला नको म्हणून. अप्पा सगळा वेळ हळू आवाजात बोलत होते. अजिनाथराव, जागा कमी पडती व्हय. मॅडम, मूळ स्थिती व्हय. प्रत्येक वाक्याला एक थर निघत होता. पत्र्याचं झाकण, मग मेण, मग काळी पट्टी. पट्टीखाली दोन केसांएवढ्या तारा एकमेकींना पीळ देऊन बसवलेल्या. तो सांधा.

त्यांनी चिमट्यानं हात लावला आणि एक तार तुटली.

काकूंचा पदर हवेतच थांबला. मी श्वास धरला, तर अप्पा म्हणाले, “घ्या, श्वास घ्या. तुमच्या श्वासानं तुटली न्हाई.”

मग त्यांनी जे केलं ते मी भिंतीपलीकडून शेकडो वेळा ऐकलंय, पाहिलं पहिल्यांदा. सुईच्या टोकानं त्या गुंडाळीचा वरचा एकच फेरा उलटा सोडवला. तेवढी तार हातात आली. नखाएवढ्या टोकावरचा वार्निश जाळला, दोन्ही तारा परत जोडल्या, त्या सांध्यावर नवी लाल वायर कथिलाचा डाग देऊन जोडली, आणि कापलेल्या दोन्ही टोकांना नव्या लावल्या. तीन वायरी.

“चार लागतात ना?” मी विचारलं.

“सांधा भाइर आला की बास. चौथी तुमच्या व्हिंटेजला बांधा, साहेब.” रात्री डबी गिटारात बसली, शेजारी खटकाही बसला.

पालीचा साखरपुडा सकाळी अकराला होता. मांजरसुंब्यावरून आम्ही दहाला पोचलो. मंगल कार्यालयाच्या स्टेजवर मागं भलामोठा एलईडी पडदा, त्यावर नवरा-नवरीचे फोटो, बाजूला जनरेटर. नाचाची दोन गाणी झाली. जाड आवाज, नेहमीचा. मग हळू गाणं आलं. अजिनाथनं मान वळवली. अप्पांनी खटका ओढला.

आवाज बारीक झाला. टणटणीत, स्वच्छ, पितळी ताटावर खडीसाखर पडावी तसा. आणि त्याच्या मागून घूंऽऽ असा भुंगाही आला.

हेही मला आता माहीत आहे. दोन गुंडाळ्या एकमेकींची घरघर मारतात. एक बंद केली की शेजारच्या विजेची सगळी घरघर आत येते, आणि शेजारी तो पडदा. अजिनाथ कीबोर्डवाल्याकडे बघायला लागला. मी खुर्चीतून अर्धा उठलो. उठून करणार काय होतो, ते माहीत नाही.

अप्पा वाजवायचे थांबले नाहीत. वाजवता वाजवता थोडे डावीकडे वळले. भुंगा कमी झाला. आणखी वळले. जळालेल्या मोटारीला कान लावावा तशी मान वाकडी करून, एक एक पाऊल सरकत, ते पूर्ण फिरले. भुंगा बंद. फक्त आता त्यांचं तोंड मांडवाच्या कनातीकडे होतं आणि पाठ नवरा-नवरी, भटजी, दोन माजी सरपंच आणि व्हिडिओवाल्याकडे. तसेच ते अख्खं गाणं वाजवत राहिले. गाणं छान झालं. नंतरची तीन हळू गाणीही तशीच, पाठमोरी. कीबोर्डवाला हात बांधून बसला.

जेवणाच्या पंगतीत अजिनाथ शेजारी येऊन टेकला.

“अप्पा, आवाज आला बारीक. झकास आला. पर नवरीचा मामा इचारत व्हता, गिटारवाला कुनावर रुसलाय म्हनून.”

अप्पांनी बुंदी संपवली. पाणी प्याले.

“तुमच्यावर, साहेब,” ते म्हणाले.

अजिनाथनं पत्रावळ जरा पुढं सरकवली. चौदा वर्षांत त्याला पहिल्यांदाच साहेब मिळालं होतं आणि अर्थही बहुतेक लागला. म्हणाला, “रविवारी धारूर. तीनला गाडी येईल. तुमी म्होरं बसा, डायवरपशी.”

सोमवारी दुकानात एक शेतकरी नवी मोटार घेऊन आला. स्टार्टरचं पॅनल सहा वायरींचं आणि मोटार तीन वायरींची. मी झेरॉक्स मशीन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून. अप्पांनी डाव्या हातानं मोटारीच्या वायरी गोळा केल्या, उजव्या हातात कटर आला आणि वायरींपाशी जाऊन थांबला.

“बिल हाय का?” त्यांनी विचारलं. “दुकानदार परत घेतो का, ते बघून ये आधी. मी हात लावला की मूळ स्थिती न्हाई राहत.”

शेतकरी मोटार उचलून गेला. अप्पांनी कटर खिळ्याला अडकवला आणि भिंतीवर दोनदा बुक्की मारली.

“अंगद्या, दात मिटले असतील तर च्या सांग बे.”