भलत्या जागी उमललेलं फूल

व्यंकटेश सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी केळ्यांवरची चिलटं हाकलत होते. हात तिथंच थांबला. या चिलटांच्याच जातीच्या माश्यांपायी आम्ही दोघांनी एके काळी काय काय उपद्व्याप केले होते!

आणीबाणीच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा. आम्ही दोघं सोलापुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. सरांनी चार ठिकाणी पत्रं लिहून फळमाश्यांची एक बाटली मिळवली होती. तिच्यातल्या माश्यांच्या डोक्यावर मिशांऐवजी चक्क पाय! पहिल्यांदा पाहिलं आणि मी स्टुलावरून उठलेच. अंड्यातला गर्भ काही तासांचा होतो न होतो, तोच कुठल्या पेशींनी पुढं काय व्हायचं ते जनुकं ठरवून टाकतात; एखादं जनुक भलत्या जागी जागं झालं, की मिशीचा पाय होतो... हे सांगताना सर खडूसकट हात हवेत फिरवायचे. पोरांच्या डोक्यात मात्र काही शिरायचं नाही.

फार तापलं की या माश्यांची वीण थांबते, आणि आमच्या प्रयोगशाळेला पत्र्याचं छप्पर. ही बाटली गेली असती तर दुसरी मिळणार नव्हती. म्हणून सुट्टीत सरांनी ती घरी, मागाच्या गार खोलीत नेली. त्यांचे वडील चादरी विणायचे. सगळे त्यांना नायना म्हणत. ते भडकलेच. एवढं शिकवलं ते घरात माश्या पाळायला? संध्याकाळच्या आत बाटली बाहेर गेली पाहिजे, असं त्यांनी बजावलं. वकिली करायला मला बोलावलं होतं, पण माझं कोण ऐकतंय! शेवटी सरांनी एक माशी गुंगी देऊन भिंगाखाली धरली.

नायना कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. मग मागावर टांगलेल्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांना त्यांनी हात लावला. चादरीवर कुठं कोणतं फूल उठायचं, ते ही कार्डं ठरवतात.

"दोरा तोच हाय, माग बी तोच," ते म्हणाले. "कार्ड चुकलंय की."

सर माझ्याकडे बघतच राहिले. वर्षभर वर्गात घसा कोरडा करून जे सांगता आलं नव्हतं, ते या माणसानं एका दमात सांगितलं होतं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्या दिवसापासून बाटलीभोवती ओली चादर नायनाच गुंडाळायचे. जूनमध्ये नवी पिल्लावळ निघाली, तीही डोक्यावर पाय घेऊन.

एक दोरा चुकला तरी विणलेलं उसवणाऱ्या नायनांनी मग एक चादर मुद्दाम कार्डं मागंपुढं लावून विणली. काठाचं फूल मधोमध. सरांना म्हणाले, पोरांना हीच दाखव. सरांनी तो धडा चादरीशिवाय पुन्हा कधी शिकवला नाही.

परवा सरांच्या घरी भेटायला गेले, तेव्हा वहिनींनी ती चादर माझ्या हाती ठेवली. मला रडू आलं आणि, खरं सांगते, हसूही. आता ती माझ्या खुर्चीवर असते. हात फिरवला की मधोमध ते फूल लागतं... भलत्याच जागी, पण एक दोरा न चुकता विणलेलं.