डोळे मीट म्हटलं की

काकूंच्या उजव्या गालाचा रंग डाव्या गालापेक्षा वेगळा आहे, भाजलेल्या विटेसारखा. काका वेल्डिंग करायचे तेव्हा काकू काम धरायच्या आणि तोंड डावीकडे वळवायच्या. त्यामुळे उजेडाच्या वाट्याला कायम उजवाच गाल आला.

शेड घराला लागूनच होती. पत्र्याचं छप्पर, एक मशीन, एक लोखंडी टेबल, भिंतीला टेकून ठेवलेली अर्धवट गेटं. हेल्मेट एकच, ते काकांच्या डोक्यावर. "दुसरं आणू," असं काका दर वेळी म्हणत, आणि दर वेळी तेवढ्यात कुणाची तरी खिडकीची जाळी तातडीची निघत असे. काकूंना हेल्मेट नव्हतं, काकांचा शब्द होता. रॉडचं टोक सांध्याजवळ नेऊन काका हळूच म्हणत, "मीट." काकू डोळे घट्ट मिटून घेत. चरचर थांबली की काका म्हणत, "उघड."

शेजारी एक पेंटर आहे, गेटांना रंग द्यायला यायचा. तो म्हणायचा, "वहिनी, तुमचा संसार दोन शब्दांवर चाललाय. आमच्याकडे दोनशे पुरत नाहीत."

मिटलेली पापणी म्हणजे संरक्षण नव्हे, हे मी कारखान्याच्या सुरक्षा विभागात नोकरीला लागल्यावर शिकले. काकूंना ते सांगितलं तेव्हा त्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "ते गालाला केव्हाच कळलंय."

पण त्यांची खंत वेगळी होती. जोड थंड झाला की त्यावरचं काळं कवच हातोडीने फोडायचं काम काकूंचं. खपल्या उडायच्या आणि खाली चकचकीत, लाटालाटांची रेघ निघायची. काकू त्या रेघेवरून बोट फिरवायच्या. "मला सगळं थंड झाल्यावर मिळतं," असं त्या एकदा म्हणाल्या. लग्नानंतर नव्यानेच शेडमध्ये आल्या होत्या तेव्हा त्यांनी काकांना विचारलं होतं, की हेल्मेटच्या त्या काचेतून दिसतं तरी काय. काका म्हणाले होते, "लोखंडाचं पाणी होतं. ते पुढे पुढे न्यायचं. दाखवीन एकदा." ते 'दाखवीन एकदा' काकूंनी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं.

काकांना एक खोड होती. सांधा पक्का करण्याआधी दोन्ही तुकडे जागच्या जागी धरून ठेवायला बारीक टाके मारतात. ते टाके काका हेल्मेटशिवाय मारायचे. "दोन टाक्यांसाठी टोपडं कोण घालत बसणार?" नेम धरेपर्यंत बघायचं आणि ठिणगी पडली की डोळे मिटायचे. पण ठिणगी माणसाच्या पापणीची वाट बघत नाही. मग संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, पाणी थांबायचं नाही, काकू ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत बसायच्या. एक-दोन दिवसांत बरं वाटायचं. घात झाला तो त्या बरं वाटण्यानेच. पुन्हा टाके, पुन्हा घड्या.

एका सकाळी काका म्हणाले, "दाराची कडी कुणी काढली?"

कडी जागेवरच होती. काका जिथे नजर लावत तेवढंच नाहीसं होत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग जळलाय, याला चष्मा नाही आणि ऑपरेशनही नाही. तेव्हापासून काकांना कुणाला बघायचं असेल तर त्याच्या बाजूला बघावं लागतं. काकूंचा चेहरा हवा असेल तर ते काकूंच्या शेजारच्या घड्याळाकडे बघतात. पेंटर म्हणाला, "म्हातारपणी बायकोकडे चोरून बघायला लागले." सगळ्यात जास्त काकाच हसले. काकू चहाचे कप उचलून आत गेल्या.

शेड बंद झाली. मशीन गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका वेल्डरला द्यायचं ठरलं. ते न्यायला रविवारी टेम्पो येणार होता. त्याआधी काकूंचा मला फोन आला.

"तुझ्या कारखान्यात ती आपोआप काळी होणारी टोपी असते ना? दोन मिळतील?"

"दोन कशाला?"

"एक त्यांना." मग म्हणाल्या, "मशीन जायच्या आत एकदा बघायचंय गं. त्यांच्या हातचं. दुसऱ्या कुणाच्या हातचं नको."

मी आधी डॉक्टरांना विचारलं. योग्य काच असेल आणि काम थोडंच असेल तर हरकत नाही, असं ते म्हणाले. पुढे म्हणाले, "पण त्यांना दिसणार काय?" हे मी घरी सांगितलं नाही.

रविवारी सकाळी गेले तर काका आधीच शेडमध्ये होते. दोन पट्ट्या शिकंज्यात आवळून ठेवलेल्या. तोंडाने मात्र "हा काय पोरखेळ" चाललं होतं. दोघांना हातमोजे घातले, गळ्यापर्यंत बटणं लावली, हेल्मेटं डोक्यावर आवळली. काकूंना म्हटलं, "काच आपली आपण काळी होते. तुम्ही डोळे उघडे ठेवायचे."

"कळलं गं बाई."

मी माझं हेल्मेट घालून मागे सरले. काकांनी हातमोज्यातल्या बोटाने सांधा चाचपला, रॉड खाली आणला आणि म्हणाले, "मीट."

चरचर झाली. रॉड वितळून संपला. "उघड."

काकूंनी हेल्मेट वर केलं. चेहरा पडला होता.

"दिसलं?"

"मिटले हो मी."

"अगं, काच कशाला दिलीय मग?"

"तुम्ही मीट म्हणालात."

दुसऱ्या वेळी काकांनी ओठ आवळून धरले. तरी ठिणगी पडायच्या क्षणी "मी" एवढं निसटलंच, आणि काकूंना तेवढं पुरलं. इतक्या वर्षांत त्या पापण्या काकूंच्या राहिल्याच नव्हत्या. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर ओरडला, "लवकर आटपा, मला पुढे दुसरं भाडं आहे."

डब्यात एकच रॉड उरला होता. काकूंनी कमरेचा रुमाल काढला, घडी केली आणि काकांपुढे धरला. "धरा दातांत."

"मी काय घोडा आहे?"

"धरा म्हणते ना."

काकांनी रुमाल दातांत धरला, हेल्मेट खाली ओढलं. शेडमध्ये काहीच आवाज नव्हता. मग एकदम चरचर सुरू झाली.

काकूंच्या हातांना आज धरायला काम नव्हतं, म्हणून त्यांनी टेबलाची कड धरली होती. त्या हलल्या नाहीत. थोड्या वेळाने हेल्मेटच्या आतून आवाज आला, "अगं बाई." मग तोच आवाज बदलला. "डावीकडे चाललात. सांध्यावरून उतरताय."

काकांचा हात सरकला.

"फार नको. हां. आता तिथेच. सावकाश."

काकांना उजेडाचं नुसतं कडं दिसत असणार. मधलं काकू बघत होत्या. त्यांच्या आवाजावर काका पट्टीच्या टोकापर्यंत गेले. रॉड संपला, काचा आपोआप उजळल्या. 'उघड' कुणी म्हणायचं होतंच कुठे.

काकांनी रुमाल काढला. "दिसलं?"

"दिसलं."

"कसं?"

"पाण्यासारखं नव्हतं. मला खोटं सांगितलंत."

"मग कसं?"

काकूंनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात ड्रायव्हर जोडीदाराला घेऊन आत आला. दोघांनी मशीन उचललं, केबल गुंडाळली आणि नेलं. जमिनीवर मशीनच्या मापाचा स्वच्छ चौकोन उरला. काका दाराशी उभे राहून रस्त्याच्या जरा बाजूला बघत होते. पट्टी गार झाल्यावर मी कवच फोडायला हातोडी उचलली.

"राहू दे," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी हेल्मेटं न्यायला गेले तेव्हा दोघं पायरीवर बसले होते. पट्टी काळ्या कवचासकट खिडकीत ठेवली होती. काकांनी तोंड कुंपणाकडे केलं होतं, म्हणजे ते काकूंकडे बघत होते. काकूंनी त्यांचा तळहात उलगडून मांडीवर घेतला होता आणि त्यावर बोटाने काहीतरी काढत होत्या.

"आधी कडेला असं भरून येतं. मग मधे एक..."

"मधे काय?"

"थांबा हो, आठवू द्या."

आणि आठवायला काकूंनी डोळे मिटले.