तारखेच्या दिवसाचा डबा

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही मला आरोपी आधी आठवत नाही, एक जेवणाचा डबा आठवतो. मी तेव्हा चांदूर बाजारकडच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो.

रिद्धपूरहून दर्शन करून पायी परतणाऱ्या एका म्हातारीच्या गळ्यातली सोन्याची पोत मोटरसायकलवरच्या तरुणाने ओढली. म्हातारी पडली, तिचे मनगट मोडले. फिर्याद घेतली, पंचनामा केला. म्हातारीने त्याचा चेहरा पाहिला नव्हता. पाहिला होता तो बाजूच्या वावरात झेंडू तोडणाऱ्या एका माळीणबाईने. तोंडावरचा रुमाल सुटला तेव्हा तिने त्याला ओळखले. तो तिच्याच गावचा होता, पण गावात राहायचे असल्याने ती आधी गप्प बसली.

धागा मिळाला बार्शीटाकळीहून. तिथल्या एका सोनाराने कळवले की एक पोरगा पोत विकायला आला होता, पावती मागताच सटकला. सोनाराने सांगितलेल्या वर्णनावरून आम्ही पोराला आणले. पोत आईची आहे, हे त्याचे पालुपद. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि म्हटले, ठीक आहे, तुझ्या आईलाच ओळखायला बोलावतो. पोराची मान खाली गेली. आईला ठाण्याची पायरी चढायला लावू नका, एवढेच तो म्हणाला. बार्शीटाकळीतल्या बहिणीच्या घरून त्याने पोत काढून दिली. मग माळीणबाईनेही जबाब दिला.

पण आमच्यासमोरची कबुली कोर्टात चालत नाही. मुद्देमाल सापडला, तरी ओढणारा हात त्याचाच, हे सांगणारी ती एकटी. ती फितूर झाली असती तर म्हातारीला न्याय मिळणे कठीण होते.

आणि नेमकी तीच डळमळली. चारपाच तारखा नुसत्या पुढे ढकलल्या गेल्यावर तिने कोर्टाचे काम पाहणाऱ्या आमच्या शिपायाला सांगितले की तिला काही आठवत नाही. मला वाटले, धमकी आली. गावात चौकशी केली, कोणी वाकडा शब्दसुद्धा बोलले नव्हते. शेवटी मी नर्सबाईंना फोन केला.

नर्सबाई म्हणजे अमरावतीच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या परिचारिका. त्या आणि आणखी चारपाच मंडळी बिनपगारी एक काम करत. पीडितांना, साक्षीदारांना कोर्टात सोबत करायची. कुठे बसायचे, वकील काय विचारतील, ते समजावायचे. साक्ष काय द्यायची, याबद्दल अवाक्षर काढायचे नाही. नर्सबाईंची जीभ मात्र तिखट, त्यामुळे ठाण्यातले शिपाई त्यांना माझ्यापेक्षा जास्त वचकून असत.

त्या गावी गेल्या, माळीणबाईच्या ओट्यावर बसल्या आणि खरे कारण घेऊन आल्या. पोरगा जामिनावर होता, बहिणीकडे राहत होता. त्याची आई तारखेला त्याच्यासाठी डबा घेऊन निघायची. गावातून कोर्टाच्या वेळेची एसटी एकच, म्हणून आरोपीची आई आणि साक्षीदार एकाच गाडीत. एका तारखेला ही उपाशी बसलेली पाहून आईने डब्यातली भाकर तिच्या हातावर ठेवली. पुढे दर तारखेला ठेवू लागली.

"तिची भाकर खाल्ली मी," बाई रडत म्हणाली होती, "आता तिच्याच पोराच्या विरोधात कसं बोलू?"

आम्ही साक्षीदाराला भीतीपासून जपतो. मायेपासून कसे जपायचे, हे कुठल्याच परिपत्रकात नाही.

पुढच्या तारखेला नर्सबाई त्याच एसटीत चढल्या, दोघींच्या मधे बसल्या आणि मांडीवर आपला भलामोठा डबा उघडला. भाकर, झुणका, ठेचा. पहिली भाकर त्यांनी आरोपीच्या आईला दिली. ती संकोचली, पण खाल्ली. दुसरी माळीणबाईला दिली आणि दोघींनाही ऐकू जाईल असे म्हणाल्या, "भाकरीचं भाकरीत फिटलं. आता तुले आठवते का नाही, थे तुह्यं तू पाह्य."

त्या दिवशी साक्ष झाली. जे पाहिले ते माळीणबाईने सांगितले आणि पोराकडे बोट दाखवले. उलटतपासणीतही ती हलली नाही. पुढे त्याला शिक्षा झाली आणि म्हातारीला पोत परत मिळाली.

साक्षीनंतर मी जीप बस स्टँडवर थांबवली. खरे सांगायचे तर दोघींच्या परतीच्या प्रवासाची मला काळजी वाटत होती. आरोपीची आई खांबाजवळ एकटीच उभी होती, गावचे लोक तिच्यापासून लांब. एसटी आली. माळीणबाई आत बसली, खिडकीतून बाहेर पाहिले आणि सरकून जागा केली.

"चाल ना वं, उभी काहून हाय?"

ती चढली. दोघी शेजारी बसल्या, एकमेकींकडे न पाहता. नोकरीत बक्षिसे मिळाली, पण त्या दिवशीइतके समाधान क्वचितच वाटले.

त्या प्रकरणाने मला शिकवले की खरे बोलायला धीर लागतो, तशी सोबतही लागते. निवृत्तीनंतर मी नर्सबाईंच्या मंडळीत सामील झालो. त्या मला अजून नवशिकाच समजतात. तारखेच्या दिवशी घरून निघताना बायको विचारते की या दोन भाकरी जास्तीच्या कोणासाठी. मी सांगतो, एक आपल्या साक्षीदारासाठी. दुसरी समोरच्यांपैकी जे कोणी उपाशी आले असेल, त्याच्यासाठी.